शहिदांसाठी लांब पल्ल्याची दौड करताय? या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावात त्यांचं स्मारक आहे. तीन वर्षांपूर्वी कारगिल विजय दिनाला, 26 जुलैला, मी त्या स्मारकापर्यंत 46 किलोमीटर धावायचं ठरवलं. एका जवानासाठी एक किलोमीटर. तोवरची माझी सर्वांत लांब दौड होती 21 किलोमीटरची. एकतिसाव्या किलोमीटरला गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ आली की पाय टेकवेना. उरलेलं अंतर मित्राच्या गाडीतून गेलो. ते पंधरा किलोमीटर मला आजही लागून राहिलेत.

चूक साधी होती. आकडा आधी ठरवला, पायांना मागाहून विचारलं. अशा दौडीत आकड्याला अर्थ असतो, म्हणून तो कमी करायला मन धजत नाही. कारगिलमध्ये 527 जवान गेले, तर 52.7 किलोमीटर पळू, असं ठरवणारेही भेटतात. भावना खरी आहे, पण 21 वरून 42 च्या पुढे जायला चार-पाच महिने लागतातच. आठवड्याचं अंतर थोडं थोडं वाढवा, दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवा. जिना उतरताना गुडघ्याच्या बाहेर दुखू लागलं तर त्याच दिवशी थांबा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा व्यायाम रोज करा, कमरेच्या बाजूचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. रस्त्याच्या उतरत्या कडेने तासन् तास पळणंही याच दुखण्याला आमंत्रण देतं.

आणि वेळ नसेल तर आकडा वाटून घ्या. पुढच्या वर्षी आम्ही बाराजण होतो. कुणी दोन किलोमीटर धावलं, कुणी सहा. बेरीज 46 झाली.

जुलैचा पाऊस

पहिल्या वर्षी गुडघ्याच्या आधी तळवे गेले होते. स्मारकाजवळ बूट काढले तेव्हा पाय भिजून पांढरेफटक पडले होते, टाचेवर रुपयाएवढा फोड. तिथे बसलेले एक निवृत्त सुभेदार उठून आले, माझा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाले, "पोरा, बूट भिजणारच. मोजे का नाही बदललेस?" तेव्हापासून दर दहा किलोमीटरला बदलायला कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबतच्या गाडीत ठेवतो. बोटांच्या बेचक्यांत, जांघेत आणि काखेत निघण्याआधीच व्हॅसलीन लावायचं. सुती मोजे नकोत, ते पाणी धरून ठेवतात.

पावसात तहान जाणवत नाही, घाम मात्र जातोच. उलट काहीजण भीतीने नुसतं पाणी ढोसत राहतात. तेही धोक्याचं, रक्तातलं मीठ उतरतं. बोटं सुजली, मळमळलं, बोलणं असंबद्ध झालं तर दौड तिथेच थांबवून दवाखाना गाठा. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, चिक्की, खजूर जवळ ठेवा. पहाटे अंधारात चमकणारं जाकीट घाला आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूने पळा.

तिरंगा

ध्वजावर शहिदाचं नाव किंवा फोटो छापून धावणं प्रेमापोटीच होतं, पण ध्वजसंहितेनुसार तिरंग्यावर कोणताही मजकूर चालत नाही. नाव वेगळ्या फलकावर किंवा छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावर लिहा. कमरेखालच्या कपड्यांवर तिरंगा नको. दमलेल्या हातातून काठी खाली झुकते आणि ध्वज जमिनीला लागतो, म्हणून दर किलोमीटरला हात बदला. एका हातात काठी घेऊन धावायचा सरावही आधी करा, कारण त्याने खांदा आणि चाल दोन्ही बदलतात.

घरचे

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते. पन्नास माणसं न कळवता वीरमातेच्या दारात जातात, घोषणा देतात, तिला मध्ये उभी करून फोटो काढतात आणि निघून जातात. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, कुटुंबाची इच्छा आहे का ते कळू द्या. नकार आला तर गावाच्या वेशीवरच थांबा. होकार आला तर दोघा-तिघांनीच जावं, घाम पुसून, मोबाईल खिशात ठेवून.

फलकावरचा हुद्दा, पलटण आणि नावाचं शुद्धलेखन घरच्यांकडूनच तपासून घ्या. लान्स नाईकला नाईक लिहिलेलं आपल्या नजरेतून सुटतं, त्यांच्या नाही. कार्यक्रम किती वाजता संपणार तेही आधी सांगा. गेल्या वर्षी एका वीरपित्याने आम्हाला फक्त एवढंच विचारलं होतं, "पोरं किती येणार? चहाला दूध सांगायचंय."