ऑपरेशन चालू असताना रक्त कधी लावायचं

टेबलावर रक्त वाहायला लागल्यावर हिशोब सुचत नाही, म्हणून तो भूल द्यायच्या आधीच मांडून ठेवा. बाईच्या अंगात किलोमागे साधारण ६५ मिली रक्त धरतात, पुरुषाच्या ७५. समजा ६० किलोची बाई आहे, म्हणजे ३९०० मिली, एचबी (हिमोग्लोबिन, ग्रॅम प्रति डेसीलिटर) १२ आणि ८ च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं ठरवलंय, तर १२ वजा ८, भागिले १२, गुणिले ३९००, झाले १३०० मिली. तेवढं जाईपर्यंत बहुतेक वेळा सलाईन, आरएलवर (रिंगर लॅक्टेट, क्षारांचं पाणी) निभतं.

आता हे ८ कुठून आले? पूर्वी १० च्या खाली गेलं की सरसकट बाटली लावायचे. १९९९ मध्ये कॅनडात आयसीयूच्या पेशंटवर मोठा ट्रायल झाला, त्यात ७ पर्यंत थांबलेल्यांचं काही बिघडलं नाही, तेव्हापासून हात आखडता झाला. धडधाकट माणसाला ७, हार्टचा त्रास असेल तर ८, असं ढोबळ धरा.

पण नुसत्या एचबीवर जाऊ नका, ते फसवतं. वाहतं ते अख्खं रक्त, पेशी आणि पाणी बरोबरच जातात, त्यामुळे लिटरभर गेलं तरी लगेच काढलेलं एचबी जवळपास तेवढंच दिसतं आणि सलाईन आत गेल्यावर मग धाडकन उतरतं. म्हणून नजर सक्शन बॉटलवर ठेवा (धुवायला ओतलेलं सलाईन त्यातून वजा करा), मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) वजन करून बघा, कोरड्यापेक्षा जितके ग्रॅम जास्त तितके मिली रक्त, आणि ड्रेपखाली (पेशंटवर पांघरलेल्या निर्जंतुक कापडाखाली), जमिनीवरही वाकून बघा. सर्जनला विचारलंत तर उत्तर ठरलेलं, "फार नाही".

पल्स वाढली म्हणून लगेच पिशवी मागवू नका, भूल हलकी झाली असेल किंवा दुखत असेल. उलट बीटा ब्लॉकर (पल्स मंदावणारं औषध) घेणाऱ्याची पल्स वाढणारच नाही. बीपी पडतंय, युरिन तासाला किलोमागे अर्ध्या मिलीच्या खाली, रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) चढतंय, ईसीजीतला एसटी भाग (हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण) बदलतोय, यातलं दोन-तीन एकदम दिसलं की मात्र थांबू नका.

रक्तस्राव आटोक्यात असेल तर एकच पिशवी द्या, एचबी साधारण १ ने वाढतं, परत तपासा आणि मगच दुसरी. धो धो वाहत असेल तर आकड्याची वाट बघायची नाही, पॅक सेलबरोबर (नुसत्या लाल पेशींची पिशवी) प्लाझ्मा, प्लेटलेट्सही मागवा, सगळं वॉर्मरमधून द्या, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध) लवकर द्या आणि कॅल्शियम विसरू नका कारण पिशवीतलं सायट्रेट (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं) ते ओढून घेतं.

पिशवी लावण्याआधी नाव, नंबर, ग्रुप दोघांनी मोठ्याने वाचा. भूल दिलेला माणूस "थंडी वाजतेय" असं सांगू शकत नाही, चुकीचं रक्त गेलं तर अचानक बीपी पडतं, लघवी लाल होते, जखमेतून सगळीकडून झिरपायला लागतं. असं काही दिसलं की आधी पिशवी बंद करा, कारण नंतर शोधा.