१७ सप्टेंबरचं लॉगिन काढायच्या आधी

आमच्या कॉलेजात एकदा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं, चहापोहे झाले, लॅबला कुलूप लावून सगळे घरी गेले, अन् नंतर सर म्हणायलेत की १७ तारखेला लिनक्स सर्व्हरवर कोणीतरी लॉगिन केलंय, रेकॉर्ड काढून दे. मी लगेच लास्ट, म्हणजे कोण कवा लॉगिन झालं ते दाखवणारी कमांड, मारलं तर ढीगभर ओळी आल्या अन् त्यात वर्षच दिसंना. तवापासून कमांडला हात लावायच्या आधी काय काय बघून ठेवायचं ते ठरवून टाकलंय.

सगळ्यात आधी फाईलची कॉपी काढा, बाकी सगळं नंतर. लॉगिन-लॉगआउटची नोंद व्हार लॉग फोल्डरमधल्या डब्ल्यूटीएमपी फाईलीत असते अन् बहुतेक मशीनवर लॉगरोटेट नावाचा लॉग फाईली बदलणारा प्रोग्राम ती महिन्याला बदलतो, जुनी एकच ठेवतो, नावापुढं डॉट एक लावून. म्हणजे सप्टेंबरचा माल ऑक्टोबरभर त्या डॉट एकमधी सापडतो, नोव्हेंबर लागला की त्या जागी ऑक्टोबर येऊन बसतो अन् सप्टेंबर गेलाच समजा. आमच्याकडं अशी चौकशी दिवाळीची सुट्टी संपल्यावर निघते, मग कामून सापडंना म्हणून डोकं धरून बसायचं. कॉपी केली की लास्टला हायफन एफ देऊन त्या कॉपीचं नाव द्या. फाईल बायनरी आहे, सरळ कॅट कमांडनं उघडू नका, स्क्रीनवर नुसता कचरा येतो. अन् लास्टच्या आउटपुटची शेवटची ओळ वाचा, फाईल कवापासून सुरू होते ते तिथंच लिहिलेलं असतं, तुमची तारीख त्याच्या आधीची असंल तर फिल्टर करून उपयोग नाही.

मग घड्याळ. टाइमडेटसीटीएल कमांड मारून टाइम झोन आशिया कोलकाता आहे का बघा. यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असंल तर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, म्हणजे १७ च्या रात्री एक वाजताचं लॉगिन १६ च्या संध्याकाळी साडेसातला दिसणार अन् फुकट दुसऱ्याच लेकरावर संशय जाणार. जुन्या मशीनचा सीमॉसचा, म्हणजे बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, सेल गेलेला असला तर अजून मजा, लाईट गेली की तारीख भलत्याच वर्षात जाते अन् नोंदबी त्याच वर्षात पडते. लाईट जाऊन मशीन बंद पडली की लॉगआउटच्या जागी क्रॅश लिहिलेलं येतं, ते बघून हॅक झालं म्हणून बोंबलू नका.

आता लास्टची कमांड. हायफन एस म्हणजे कवापासून, हायफन टी म्हणजे कवापर्यंत, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, आकडे इंग्रजीतच. नुसती तारीख दिली की वेळ रात्री बाराची धरली जाते, म्हणून १७ चा पूर्ण दिवस पाहिजे असंल तर टीपुढं १८ टाका. दोन्हीकडं १७ टाकून मी अर्धा तास काहीच येईना म्हणून बसलो होतो. सोबत मोठा एफ लावा म्हणजे वर्षासकट वेळ दिसते, अन् हायफन डब्ल्यू, नाहीतर लांब युजरनेम कापून येतात. १६ ला रात्री लॉगिन करून १७ ला आत बसलेला माणूस या फिल्टरात येत नाही, कारण लॉगिनची वेळ आधीची, त्यासाठी हायफन पी देऊन नेमकी वेळ टाका, त्या वेळेला कोण कोण आत होतं ते निघतं.

पासवर्ड चुकलेले प्रयत्न वेगळ्या बीटीएमपी फाईलीत असतात, ते लास्टबी कमांडनं अन् सुडो, म्हणजे ॲडमिनचे हक्क, लावून बघायचे. लास्टलॉगच्या नादी लागू नका, ते प्रत्येक युजरचं फक्त शेवटचं लॉगिन दाखवतं. आणि मशीन डेबियन १३ या नव्या लिनक्सवर नेली असंल तर जुनं लास्ट तिथं मिळत नाही, डब्ल्यूटीएमपीडीबी नावाचं पॅकेज टाकावं लागतं, कारण जुन्या फाईलीतली वेळ २०३८ च्या पुढं मावत नाही. डब्ल्यूटीएमपीत काहीच उरलं नसंल तर जर्नलसीटीएल, म्हणजे सिस्टिमचा जर्नल नावाचा लॉग दाखवणारी कमांड, सिन्स-अनटिल देऊन बघा, जर्नल डिस्कवर साठत असंल तर नशीब.

एवढं करूनबी आमच्याकडं काय निघालं, तर युजर स्टुडंट. त्याचा पासवर्ड फळ्यावर लिहिलेला होता.