सरे हिल्समध्ये गटाने सायकल चालवताना या चुका टाळा

लंडनच्या दक्षिणेला, रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर डॉर्किंग नावाचे गाव आहे. शनिवार-रविवारी सकाळी तिथून सायकलस्वारांचे गट सरे हिल्सच्या टेकड्यांकडे निघतात. यांतल्या बऱ्याच सहली शर्यतीच्या नसतात. गप्पा मारत जायचे, मध्ये एखाद्या कॅफेत चहा-केक घ्यायचा आणि कोणालाही मागे न सोडता परतायचे, एवढाच त्यांचा हेतू असतो. पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त इथे आलेले अनेक जण अशा गटांत सामील होतात आणि पहिल्या एक-दोन सहलींत जवळपास सारख्याच चुका करतात. त्यांतल्या निम्म्याअधिक मी स्वतः केल्या आहेत.

पहिली चूक घरबसल्याच होते, ती म्हणजे टेकडीची उंची पाहून निश्चिंत होणे. लीथ हिलची उंची २९४ मीटर आहे आणि सिंहगडावर सायकल नेलेल्या माणसाला हा आकडा वाचून हसू येते. परंतु आपले घाटरस्ते गाड्यांना चढता यावे म्हणून वळणे देऊन आखलेले असतात, तर इथल्या अनेक गल्ल्या जुन्या बैलगाडी-घोडागाडीच्या वाटा आहेत आणि त्या टेकडीला वळसा न घालता थेट अंगावर घेतात. बॉक्स हिलचा नागमोडी रस्ता याला अपवाद आहे. सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा हा चढ सरासरी ५ टक्क्यांचा आहे आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीत तो नऊ वेळा चढला गेला, म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण तो जमला म्हणजे सगळे जमले असे समजू नये. क्रॅनलीजवळच्या बारहॅच लेनचा चढ काही ठिकाणी २० टक्क्यांच्याही वर जातो. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या नकाशात रस्त्यावर एक बाण असेल तर चढ सातास एक ते पाचास एक (म्हणजे सात ते पाच मीटर अंतरात एक मीटर उंची) आणि दोन बाण असतील तर त्याहून तीव्र, एवढे ओळखता आले तरी आदल्या रात्री मार्गाचा नेमका अंदाज येतो.

चढावर गिअर उशिरा बदलणे ही दुसरी चूक. पाय अडखळू लागल्यावर, पेडलवर पूर्ण जोर असताना पुढची मोठी चकती सोडून लहान चकतीवर चेन आणू गेलात, तर ती लहान चकतीच्याही आत, फ्रेमच्या बाजूला पडते. सायकल जागीच थांबते आणि मागचे दोघे-तिघे तुमच्यावर येऊन आदळण्याच्या बेतात असतात. चढ दिसताच, अजून वेग असताना पुढची चकती बदलावी आणि बदलताना क्षणभर पायांचा जोर कमी करावा. चेन पडलीच तर सायकल आधी रस्त्याच्या कडेला घ्यावी. मागच्या डेरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेचा) दांडा एका हाताने पुढे ढकलला की चेन सैल होते. मग ती लहान चकतीच्या खालच्या दातांवर बसवून पेडल उलटे फिरवावे. पुन्हा निघताना मात्र तिथूनच सरळ वर चढण्याचा हट्ट धरू नये, रस्ता रिकामा असेल तर आडवे सुरू करून मग वळावे, नाहीतर सपाटी येईपर्यंत सायकल हातात धरून चालावे. इथे त्याची कोणालाही लाज वाटत नाही.

आता त्या चुकीकडे येतो, जी चढणारा करत नाही, वर पोहोचलेले करतात. माझ्या पहिल्याच सहलीत डॉर्किंगहून कोल्डहार्बरचा चढ मी सर्वांत शेवटी संपवला. वर सगळे माझ्यासाठी थांबले होते. मी पोहोचताच कोणीतरी आनंदाने ‘आले सगळे’ अशा अर्थाचे ओरडले आणि गट लगेच निघाला. पुढच्यांना दहा मिनिटे विश्रांती मिळाली होती, मला पाण्याची बाटली उघडण्याइतकीही नाही, आणि असे तीन टेकड्यांवर झाल्यावर चौथ्या टेकडीवर माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. शेवटचा माणूस आल्यावर निदान तीन-चार मिनिटे थांबायचे, हा साधा नियम गटाने निघण्यापूर्वीच ठरवावा. तुम्हीच शेवटचे असाल तर संकोच न करता ‘दोन मिनिटे द्या’ असे म्हणावे आणि तेवढ्यात चिक्कीचा तुकडा तोंडात टाकावा. थांबण्याची जागाही महत्त्वाची आहे. चढ संपतो तिथेच, अरुंद गल्लीच्या तोंडाशी दहा सायकली आडव्या लावून उभे राहणारे गट मी पाहिले आहेत. मागून येणाऱ्या मोटारीला ते शेवटच्या क्षणीच दिसतात. थोडे पुढे, गवताच्या रुंद पट्ट्यावर थांबावे. आणि जिथे वळायचे आहे त्या प्रत्येक तिठ्यावर कोणीतरी उभे राहावे, कारण झाडीत मोबाइलला अनेकदा सिग्नल नसतो आणि चुकलेल्या माणसाला फोन लागेलच याचा भरवसा धरता येत नाही.

ओरडून द्यायच्या सूचनांचाही एक घोटाळा आहे. ‘कार अप’ म्हणजे काही गटांत समोरून गाडी आली, तर काहींत मागून आली. निघण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावे. नाहीतर सरळ ‘पुढे’ किंवा ‘मागे’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द वापरावा. दोघांनी शेजारी-शेजारी चालवणे इथे बेकायदा नाही आणि मोठ्या गटात ते अनेकदा अधिक सुरक्षित असते, हे २९ जानेवारी २०२२ पासून सुधारित हायवे कोडमध्ये (इथल्या वाहतूक-नियमांच्या पुस्तिकेत) स्पष्ट नमूद आहे. मात्र मागे गाडी खोळंबली असेल तर सुरक्षित जागा पाहून एका रांगेत यावे किंवा थांबून तिला पुढे जाऊ द्यावे, असेही तिथेच म्हटले आहे. हा दुसरा अर्धा भाग विसरणाऱ्यांमुळेच गावकऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात.

आपल्याकडच्या सायकलस्वाराला सर्वांत अनोळखी गोष्ट म्हणजे घोडे. मागून शांतपणे आलेली सायकल घोड्याला अचानक दिसली तर तो बिथरतो. बरेच अंतर असतानाच वेग कमी करून ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे, जेणेकरून माणसाचा आवाज त्याच्या कानी पडेल, आणि मग उजवीकडून भरपूर जागा सोडून सावकाश पुढे जावे. डावीकडून कधीही जाऊ नये.

उतारावरच्या चुका कमी सांगितल्या जातात, पण पडणारे बहुतेक तिथेच पडतात. शेकडो वर्षांच्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने झिजून अनेक गल्ल्या आजूबाजूच्या शेतांपेक्षा कित्येक फूट खाली गेल्या आहेत. दोन्ही बाजूंना मातीचे उंच काठ आणि वर झाडांची कमान असल्यामुळे भर दुपारीही तिथला रस्ता ओला असू शकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यावर पानांचा थर असतो आणि मधल्या पट्ट्यात शेवाळ. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना दाबावेत आणि पुढचा रस्ता दिसतो तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, कारण वळणापलीकडे ट्रॅक्टर असू शकतो.

सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात पंक्चर वाढतात. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामामुळे १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेताची झुडपांची कुंपणे छाटण्यास मनाई असते. ती मुदत संपली की हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नच्या काटेरी फांद्यांचे तुकडे रस्त्यावर विखुरतात. खडूच्या टेकड्यांवरून पावसाबरोबर वाहून आलेले धारदार गारगोटीचे तुकडे असतातच. इथली नेहमीची चूक म्हणजे घाईने नवी ट्यूब घालणे. काटा टायरमध्ये तसाच राहतो आणि दोन किलोमीटरवर नवी ट्यूबही जाते. टायरच्या आतून बोट सावकाश पूर्ण फिरवावे. ब्लॅकथॉर्नचा काटा बाहेरून तुटलेला असतो आणि आत मिलिमीटरभरच टोचतो; डोळ्यांना न दिसणारे ते टोक बोटाला कळते. मग नखाने किंवा चिमट्याने ते काढावे, आणि गटातल्या बाकीच्यांनी तोवर घड्याळ पाहू नये.