नावात दडलेले शब्द कसे शोधायचे

नाव सलग लिहू नका, अक्षरं सुटी करून गोलात मांडा. ओळीत लिहिलं की डोळा नावच वाचत राहतो. मी कागदाचे चौकोन कापते, म्हणजे एकच अक्षर चुकून दोनदा वापरलं जात नाही.

आधी काना-मात्रेचा नियम ठरवा. खरी मजा तिथेच आहे. ‘वनमाला’ घ्या. काना अक्षराला चिकटलेलाच ठेवला तर वन, माला, मान, मानव मिळतात. काना सुटा केला की नाव, वाल, नवल, वामनही निघतात! मला पहिला नियम जास्त आवडतो. शब्द कमी मिळतात, पण कस लागतो.

मग प्रत्येक अक्षर पाळीपाळीने पहिलं ठेवून बाकीची पुढे लावून बघा. नवशिक्यांना ‘कमलनयन’ द्या: कलम, नकल, नमन, मलय, आणि अजून बरेच.