अभ्यासगटावर पहिल्यांदाच जाणाऱ्या शिक्षकासाठी

अभ्यासक्रमाचा मसुदा तयार करणाऱ्या गटात नाव आलं की बरेच शिक्षक पहिल्या बैठकीला नव्या धड्यांची यादी घेऊन जातात. त्याऐवजी टाचणवही (रोजच्या पाठाच्या नियोजनाची वही) आणि मुलांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका न्या. कोणता घटक लांबला, मुलं नेमकी कुठे अडली, हे त्यात सापडतं. विषयतज्ज्ञांना विषय तुमच्यापेक्षा जास्त येत असेल, पण वर्गात वेळ कुठे जातो ते तुम्हालाच ठाऊक असतं.

आधी तासिकांचा हिशेब करा. ३४ आठवडे, आठवड्याला ५ तासिका, म्हणजे कागदावर १७०. चाचण्या, उजळणी, कार्यक्रम यांत पाचवा हिस्सा गेला की उरतात १३६. मसुद्यात १६ घटक आणि प्रत्येकाला सरासरी ९ तासिका धरल्या, तर लागणार १४४. वरच्या आठ तासिका कुणी देत नाही. मग वर्गात प्रयोग आणि चर्चा गळतात, शेवटचे घटक कसेबसे उरकले जातात. म्हणून गटात आग्रह धरा: नवा उपघटक सुचवणाऱ्याने कोणता काढायचा तेही सांगावं. यावर वाद होतो, कारण प्रत्येकाचा एखादा लाडका धडा असतोच. वाद टाळला तर ओझं मुलांवर पडतं.

अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकल्यावर मुलाला काय करता यायला हवं ते, लिहिताना 'समजून घेतो', 'महत्त्व जाणतो' अशी क्रियापदं टाळा. ती तपासता येत नाहीत. 'दिलेल्या आकृतीची परिमिती काढतो' हे तपासता येतं. प्रत्येक निष्पत्तीसमोर लगेच एक नमुना प्रश्न लिहा. प्रश्न सुचत नसेल तर वाक्यातच खोट आहे.

पूर्वज्ञानाचा तक्ता, म्हणजे कोणत्या घटकाआधी मुलांना काय यायला हवं त्याची मांडणी, मात्र इतर विषयांच्या गटांसोबत बसूनच करावा. विज्ञानात घनता आली आणि गणितात दशांश अपूर्णांकांचा भागाकार अजून झालाच नाही, तर विज्ञानाच्या शिक्षकाला आधी गणित शिकवावं लागतं. स्वतंत्र बसणाऱ्या गटांकडून ही चूक हमखास होते.

अभ्यासक्रमतज्ज्ञ हिल्डा टाबा यांनी १९६२ मध्ये मांडलेला क्रम नेहमीच्या उलटा आहे: शिक्षकांनी आधी नमुना घटक तयार करून वर्गात वापरून पाहावेत, सबंध आराखडा त्यानंतर. पूर्ण मसुदा छापून मग शिक्षकांच्या सह्या घेण्यापेक्षा हे केव्हाही बरं. नमुना घटक वापरून पाहण्यासाठी फक्त उत्साही शाळा निवडू नका; मोठ्या पटाचे आणि बहुवर्गीय (एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असलेले) वर्गही हवेत. शिक्षकांकडून ठरलेल्या व प्रत्यक्ष लागलेल्या तासिका, वगळलेली कृती आणि मुलांच्या उत्तरांचे नमुने मागवा. 'मसुदा कसा वाटला?' असं विचारलंत तर 'छान' एवढंच उत्तर येईल. 'यातला कोणता उपघटक काढाल आणि का?' असं विचारा. नाकारलेल्या सूचनेचंही कारण नोंदवून कळवा, नाहीतर पुढच्या फेरीत कुणी लिहून पाठवत नाही.

नवा अभ्यासक्रम सहावी आणि सातवीला एकाच वर्षी लागू होणार असेल तर आणखी एक काम उरतं. सहावीतून सातवीत सरकवलेला घटक पहिल्या वर्षीच्या सातवीला दुसऱ्यांदा शिकवला जातो. सातवीतून सहावीत आणलेला त्या वर्षीच्या सातवीला मिळतच नाही. त्या एका तुकडीसाठी सेतू अभ्यास, म्हणजे सुटलेला भाग भरून काढणारे पाठ, लिहा आणि त्याच्या तासिका १३६ मधूनच काढा.