पडीक गॅरेज आणि गंजलेला ट्रक : जुनाट दिसणारा डायोरामा कसा करावा

मॉडेल जोडून झाल्यावर त्यावर तपकिरी रंग फासला की ते जुने दिसेल, असे सुरुवातीला वाटते. माझ्या पहिल्या ट्रकला मी असाच सगळीकडे सारखा गंज चढवला होता आणि तो जुना न दिसता नुसता नारिंगी दिसू लागला. ओसाड जागा खरी वाटते ती प्रत्येक डागामागे काही कारण असते म्हणून, आणि ते कारण बहुतेक वेळा पाणी असते. पाणी कुठून आत आले, कुठे साचले, कुठून ओघळले आणि कुठे पोहोचलेच नाही, एवढे आधी ठरवले की रंगाचे पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात. डायोरामा म्हणजे मॉडेल आणि त्याभोवतीची जागा मिळून केलेला छोटा देखावा; येथे १/३५ प्रमाणातले, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढे, छोटे गॅरेज आणि त्याच्या दाराशी सोडून दिलेला ट्रक उदाहरणादाखल घेतला आहे.

आखणी

प्रथम कागदावर देखावा रेखाटावा आणि जागा किती वर्षे ओस पडली आहे ते ठरवावे. चारपाच वर्षांत टायरांतली हवा जाते, रंग विटतो, तण माजते. छपराला भोक पडायला, भिंतीचे पोपडे गळायला आणि मोटारीच्या पत्र्याला आरपार भोके पडायला त्याहून बराच जास्त काळ लागतो. ताज्या रंगाच्या दाराशेजारी कोसळलेले छप्पर दाखवले, तर पाहणाऱ्याला चूक सांगता आली नाही तरी खटकते. त्याच चित्रावर निळ्या पेन्सिलीने पाण्याच्या वाटा बाणांनी दाखवाव्यात. हा कागद काम संपेपर्यंत टेबलावर राहू द्यावा.

मापे सोपी आहेत. या प्रमाणात प्रौढ माणूस सुमारे पाच सेंटीमीटर उंच, दरवाजा सहा सेंटीमीटर आणि २१ ते २३ सेंटीमीटर लांबीची वीट सहा ते साडेसहा मिलिमीटर होते. विटा मोठ्या कोरल्या गेल्या की सगळी इमारत खेळण्यासारखी दिसते, म्हणून येथे पट्टी वापरण्याचा कंटाळा करू नये.

भिंती आणि छप्पर

भिंतींसाठी दहा मिलिमीटर जाडीचा दाट फोम घ्यावा. विटांच्या रेघा बोथट पेन्सिलीने दाबून काढाव्यात आणि चुरगळलेल्या फॉइलचा गोळा दाबून पृष्ठभागाला पोत आणावा. त्यावर भिंतीत भरण्याच्या पुट्टीचा पातळ थर द्यावा आणि तो वाळल्यावर सुरीच्या टोकाने पोपडे पाडावेत. मात्र ते हवे तिथे नव्हे, तर ओल असेल तिथेच. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंच जाते, म्हणजे मॉडेलमध्ये तळापासून तीन सेंटीमीटरपर्यंत. दुसरी जागा छपराच्या भोकाखालची. फोमवर सॉल्व्हेंट असलेला स्प्रे मारू नये, कारण त्याने फोम विरघळतो. आधी ॲक्रिलिक रंगाचा जाड हात द्यावा.

पन्हळी पत्र्यासाठी पुठ्ठ्यावर एक मिलिमीटर जाडीच्या तारा दोन-दोन मिलिमीटर अंतरावर समांतर चिकटवून साचा करावा आणि त्यावर जाड फॉइल ठेवून टूथपिकच्या बोथट टोकाने दाबावे. सबंध छप्पर एकाच तुकड्याचे न करता वेगवेगळे पत्रे कापून एकमेकांवर चढवावेत आणि एखादा काढून टाकावा. गंज खिळ्यांची भोके, कापलेल्या कडा आणि दोन पत्र्यांमधली फट येथून सुरू होतो, कारण पाणी तिथे टिकते.

लाकडी वाशांसाठी बाल्साच्या (अगदी हलक्या, मऊ लाकडाच्या) पट्ट्या तारेच्या ब्रशने ओरबाडाव्यात, त्यांवर कडक काळा चहा लावून वाळू द्यावा आणि मग लोखंडी तारेचा काथ्या एक-दोन दिवस व्हिनेगरमध्ये भिजवून तयार केलेले पाणी लावावे. चहातले टॅनिन आणि लोह एकत्र आले की लाकूड उन्हापावसात रापल्यासारखे करडे होते. त्या बाटलीचे झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो.

ट्रक

ट्रकचे काम रंगाआधीच सुरू होते. एक मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक म्हणजे या प्रमाणात साडेतीन सेंटीमीटर जाडीचा पत्रा! म्हणून मडगार्डच्या आणि दाराच्या खालच्या कडा आतून खरवडून कागदासारख्या पातळ कराव्यात आणि मगच तिथे भोके पाडावीत. टायरांचा तळ सँडपेपरने सपाट घासावा आणि बाजूला पुट्टीचा किंचित फुगवटा द्यावा.

प्रायमरनंतर (रंग नीट धरावा म्हणून देतात त्या पहिल्या थरानंतर) संपूर्ण ट्रकला गडद तपकिरी रंग द्यावा आणि स्पंजच्या तुकड्याने त्यावर दोन-तीन वेगळ्या तपकिरी छटा टिपाव्यात. मॅट वॉर्निश पूर्ण वाळल्यावर २५ ते ३० सेंटीमीटर अंतरावरून हेअर स्प्रेचे दोन हलके थर द्यावेत, दहा-पंधरा मिनिटांनी वरचा ॲक्रिलिक रंग पातळ करून मारावा आणि तो हाताला कोरडा लागताच तासाभराच्या आत कोमट पाण्याने भिजवून आखूड, ताठ केसांच्या ब्रशने घासावे. पाणी खालचा स्प्रे विरघळवते आणि वरचा रंग खऱ्या पापुद्र्यांसारखा सुटतो. एनॅमलच्या थरातून पाणी झिरपत नाही, म्हणून येथे ॲक्रिलिकच हवा. टपावर आणि बॉनेटवर जास्त घासावे, दारांच्या खालच्या कडांवर त्याहून जास्त, आणि छपराच्या आडोशाला आलेल्या भागाला हात लावू नये. हे सारे आधी प्लॅस्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर करून पाहावे.

छटांबाबत मी फार आग्रही आहे. ताजा गंज नारिंगी असतो, जुना गडद तपकिरी. म्हणून भडक नारिंगी रंग आजही पाणी वाहते अशाच जागी, अगदी थोडा यावा. ॲल्युमिनियम आणि पितळ यांना तांबूस गंज चढत नाही, रबर करडे पडून तडकते, प्लॅस्टिक नुसते विटते; या भागांना गंजाचा रंग लागला की बाकीची मेहनत वाया जाते.

ओघळांसाठी तैलरंग सर्वांत चांगले. रंग अर्धा तास पुठ्ठ्यावर ठेवून त्यातले तेल शोषू द्यावे, बोल्टच्या खाली टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका द्यावा आणि टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने सरळ खाली ओढावा. त्याआधी वॉर्निशचा थर हवाच, कारण उघड्या प्लॅस्टिकच्या सांध्यांत टर्पेंटाइन शिरले तर ते तडकू शकते. खोलीत हवा खेळती ठेवावी.

जमीन, झाडोरा, धूळ

चाळून ओव्हनमध्ये तापवलेली माती पसरावी आणि लाकडाच्या पांढऱ्या गोंदात तेवढेच पाणी व भांड्यांच्या साबणाचा एक थेंब मिसळून ड्रॉपरने सोडावे. माती ओली असतानाच ट्रक किंचित दाबून बसवावा, म्हणजे तो वर ठेवल्यासारखा न दिसता रुतलेला दिसतो. त्याच्या कडेने गवत उंच असावे, पोटाखालची जमीन मात्र फिकट, कोरडी आणि उघडी राहावी, कारण तिथे ऊन-पाऊस पोहोचत नाही. वाळलेला पाला वारा अडतो अशा कोपऱ्यांत साचतो; बारीक चुरलेली खरी पाने त्यासाठी पुरतात.

धूळ सर्वांत शेवटी, मास्क लावून. खडूचे पेस्टल सुरीने खरवडून ती भुकटी मऊ ब्रशने आडव्या पृष्ठभागांवर सोडावी आणि कडेला टर्पेंटाइनचा थेंब टेकवून तो आपोआप पसरू द्यावा. यानंतर वॉर्निश मारू नये. त्याने धूळ काळवंडून नाहीशी होते. एक काम मात्र भिंतीला मळकट रंग देण्यापूर्वीच करायचे असते: आतल्या भिंतीवर बोटाच्या पेराएवढा टेपचा चौकोन चिकटवून ठेवावा आणि धूळ बसल्यावर तो अलगद काढावा. तिथे कोणीतरी लावलेली आणि जाताना काढून नेलेली तसबीर होती, हे त्या उजळ चौकोनावरून कळते.