हॅलोविनसाठी गॉजचं तरंगणारं भूत

३१ ऑक्टोबरला पोरांना घरात भुताटकी करायची असेल तर विकतचे प्लॅस्टिकचे सांगाडे आणू नका, गॉजचं, म्हणजे जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाचं भूत करा, लय भारी दिसतं आणि खर्चपण कमी. आमच्या सांगलीत कुठल्याही मेडिकलात गॉज मिळतो, नाहीतर गणपती पेठेतनं जुन्या धोतरासारखं विरविरीत कापड घ्या. उभ्या बाटलीवर फुगा चिकटवा, वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला, मग फेविकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं करून त्यात कापड बुडवून, हलकं पिळून त्यावर टाका. कडा कात्रीनं न कापता हातानं टरकावा, दोरे लोंबू द्या, खरी भीती त्या दोऱ्यांतच आहे. मैद्याची खळ वापरू नका, मुंग्या आणि झुरळं लागतात.

रात्रभर वाळलं की फुगा फोडायचा, भूत आपलं आपण उभं राहतं! काळ्या कागदाचे डोळे लावा, एक मोठा एक बारका, सारखे लावले की गोड दिसतं. टांगायला काळा दोरा नको, तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) घ्या म्हणजे अंधारात दिसत नाही.

उजेड मात्र खालनं द्या. आपल्याला चेहऱ्यावर वरून उजेड बघायची सवय असते, खालनं आला की सावल्या उलट्या पडतात आणि ओळखीचं माणूससुद्धा भेसूर दिसतं. दिवाळीच्या पणत्या घरात असतील तरी त्याच्याखाली ठेवू नका, कापड झटकन पेटतं, सेलवरचा एलईडी दिवाच ठेवा.